डेटाबेस ते टेलिग्राम, कोड न लिहिता: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या दुरुस्ती विभागाच्या तक्रारी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जमा होतात आणि त्यातल्या कामाच्या तेवढ्या टीमच्या टेलिग्राम ग्रुपवर येतात. मधे एक नो-कोड टूल बसवलंय, त्याला आता आठ महिने झाले. मी प्रोग्रामर नाही. डेटाबेसला विचारायची साधी क्वेरी वाचता येते, लिहायची झाली तर कुणाला तरी दोनदा विचारावं लागतं. पाचपैकी साडेतीन देईन. कापलेल्या दीडमध्ये टूलचा वाटा कमी आणि माझ्या गैरसमजांचा जास्त आहे.

सुरुवात खरंच सोपी होती. टेलिग्रामच्या बॉटफादरकडून बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) तयार करून घेतला, त्याने दिलेलं टोकन (बॉटची गुप्त किल्ली) टूलमध्ये चिकटवलं आणि बॉटला ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपच्या आयडीच्या आधी उणे चिन्ह असतं. कॉपी करताना चुकून आलं असेल असं समजून मी ते खोडलं, त्यात अर्धा तास गेला. मग 'टेबलात नवी रो (ओळ) आली की' हा ट्रिगर (पुढची कामं सुरू करणारी अट), एक फिल्टर, मजकुराचा साचा, आणि पाठवा. एका संध्याकाळीच झालं सगळं. व्हॉट्सअ‍ॅपचाही विचार केला होता, पण तिथे बिझनेस खात्यावरून पाठवायचं तर समोरच्याच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की मंजूर टेम्पलेटशिवाय काही जात नाही. आपल्याच माणसांना रोज वेगळा मजकूर पाठवायला एवढा खटाटोप नको वाटला.

डेटाबेसच्या बाजूला मात्र मी आगाऊपणा केला. टूलने युजरनेम आणि पासवर्ड मागितला, मी सरळ अ‍ॅडमिनचा दिला. डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला हे दुसऱ्या दिवशी कळलं. "अगं, मीटर बघायला आलेल्या माणसाला तू तिजोरीची किल्ली दिलीस!" त्याने वेगळा युजर काढला, सहा कॉलमांचा एक व्ह्यू (टेबलाचा निवडक भागच दाखवणारी खिडकी) बनवला आणि त्या युजरला तेवढाच वाचण्याची परवानगी दिली. ग्राहकाचा फोन नंबर व्ह्यूमध्ये ठेवलाच नाही. त्यामुळे मी साच्यात काहीही ओढलं तरी नंबर ग्रुपवर जायची भीती नाही. फायरवॉलमध्ये टूलचे ठरावीक आयपी तेवढेच उघडले. तुम्ही हे करणार असाल तर पहिला दिवस यातच घालवा, मेसेज दुसऱ्या दिवशी गेला तरी चालतं.

आता ज्याने माझे सहा आठवडे खाल्ले ते. महिन्याला दोन-तीन तक्रारी ग्रुपवर यायच्याच नाहीत. टूलच्या हिस्टरीत एरर नाही, टेबलात रो व्यवस्थित बसलेली. मी फिल्टर तपासून तपासून थकले. शेवटी एका दुपारी सहकारी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि आम्ही हरवलेल्यांपैकी एक घेतली, क्रमांक ४८१२. ग्रुपवर ४८११ आहे, ४८१३ आहे, मधली गायब. मग बाकीच्या हरवलेल्या काढल्या, तर प्रत्येकीला भलेमोठे फोटो जोडलेले.

तिथे उलगडा झाला. टूल दर १५ मिनिटांनी टेबल बघतं, पाहिलेला सर्वांत मोठा आयडी लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याच्या नंतरच्या रो उचलतं. पोस्टग्रेस रोला आयडी देतं इन्सर्ट होताना, पण बाकीच्यांना ती रो दिसते ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या नोंदींचा गठ्ठा) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्यावर. आमच्या फॉर्ममध्ये तक्रार आणि फोटो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. ४८१२ ने नंबर घेतला आणि फोटो चढेपर्यंत अडकून बसली. तेवढ्यात ४८१३ आली, कमिट झाली, आणि नेमकं तेव्हाच टूल येऊन '४८१३ पर्यंत पाहिलं' अशी खूण करून गेलं. टोकन घेऊन बाहेर फोनवर बोलत राहिलेल्या माणसासारखी गत: आत येईपर्यंत पुढचा नंबर पुकारलेला, आणि मागचा परत कुणी पुकारत नाही.

उपाय असा केला की आयडीवर विसंबायचंच नाही. टेबलात 'पाठवल्याची वेळ' हा कॉलम वाढवला. तो रिकामा असेल ती रो उचलायची, मेसेज गेला की तो भरायचा. व्ह्यूमध्ये हा सातवा कॉलम आला आणि टूलच्या युजरला तेव्हा फक्त तेवढाच बदलायची मुभा मिळाली. पोस्टग्रेसमध्ये परवानगी कॉलमवार देता येते. यात एक तोटा आहे. मेसेज गेला आणि कॉलम भरताना कनेक्शन तुटलं, तर पुढच्या फेरीत तोच मेसेज पुन्हा जातो. हुकण्यापेक्षा दोनदा आलेला परवडला.

याच उत्साहात मी 'रो बदलली की' हा ट्रिगरही लावून पाहिला. मेसेज गेला, कॉलम भरला, म्हणजे रो बदलली, म्हणजे पुन्हा मेसेज. सकाळी उठून बघते तर एकच तक्रार ३१ वेळा. टूलच्या प्लॅनमध्ये कामांचा जो कोटा मिळतो त्यात पाठवणं एक काम आणि खूण करणं दुसरं, असे दोन्ही मोजले जातात, हेही तेव्हाच नीट कळलं.

मजकुराच्या भानगडी छोट्या पण चिवट. ठळक अक्षरांसाठी मी टेलिग्रामचं मार्कडाउन वापरत होते. त्याच्या नव्या प्रकारात पूर्णविराम, हायफन, कंस, उद्गारचिन्ह यांच्या आधीसुद्धा उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. ग्राहकाने लिहिलेल्या वाक्यात साधा पूर्णविराम आला की अख्खा मेसेज नाकारला जायचा. एचटीएमएल प्रकारावर गेले, तिथे दोन कोनी कंस आणि अँपरसँड एवढेच सांभाळायचे. एका मेसेजला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून वर्णन ५०० अक्षरांवर कापते. तसंही त्यापुढे कुणी वाचत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. मेसेजखाली 'मी घेतो' असं बटण दिलं होतं. बटण दाबल्यावर जो मजकूर परत येतो त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. मी त्यात तक्रारीचा प्रकार मराठीतच भरला. इंग्रजीत चाचणी केली तेव्हा छान चाललं, मराठीत काही मेसेज जाताना अडायचे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'वातानुकूलन यंत्रणा दुरुस्ती' यात मावत नाही. आता फक्त आयडी जातो, बाकी सगळं टेबलातून उचलते. दोघांनी एकदम बटण दाबलं तर? अपडेटच्या अटीत 'अजून कुणाला दिलेली नसेल तरच' असं टाकलंय, दुसऱ्याला 'घेतली गेली' असं उत्तर मिळतं.

वेळेचा घोळ सगळ्यांचाच होतो, आमचाही झाला. डेटाबेस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), माणसं स्थानिक वेळेवर. व्ह्यूमध्येच वेळ बदलून घेतली, विषय संपला.

लोकांचं मात्र इतक्या सहज जमलं नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक तक्रारीला एक मेसेज होता, दिवसाला साठेक. तिसऱ्या आठवड्यात विचारलं तेव्हा अर्ध्या टीमने ग्रुप म्यूट केलेला. त्यात एकदा जुन्या नोंदी एकदम भरल्या गेल्या आणि टेलिग्रामने हात आखडला. बॉटला एका ग्रुपमध्ये मिनिटाला २० च मेसेज पाठवता येतात. आता तातडीची तक्रार लगेच जाते, बाकीच्यांची यादी दिवसातून दोनदा, एकाच मेसेजमध्ये. म्यूट बऱ्यापैकी सुटले.

आणि मग सहाव्या महिन्यात ग्रुप दोन दिवस शांत होता. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. सुट्टीचे दिवस, तक्रारी नसतील. प्रत्यक्षात डेटाबेसचा पासवर्ड नियमाप्रमाणे बदलला होता. टूलने काही वेळा प्रयत्न करून फ्लो (ट्रिगरपासून मेसेजपर्यंतची साखळी) आपणहून बंद केला आणि तसा ईमेलही पाठवला, पण ज्या पत्त्यावर मी खातं उघडलं होतं तो आता कुणी उघडत नाही. १९ तक्रारी पडून. त्यातली एक गळतीची, तातडीची. त्या ग्राहकाशी फोनवर बोलताना 'सिस्टिममध्ये अडचण होती' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मलाच कसंतरी झालं.

टूल बंद पडलंय हे टूलच सांगेल, या भरवशावर राहायचं नाही एवढं तेव्हा कळलं. सहकाऱ्याने सर्व्हरवर वीसेक ओळींची स्क्रिप्ट लावून दिली. 'पाठवल्याची वेळ' ४० मिनिटांहून जास्त रिकामी असलेली तातडीची रो दिसली की ती आम्हा दोघांना ईमेल करते, नो-कोडच्या वाटेला न जाता. तेव्हापासून तिचा ईमेल दोनदा आला, दोन्ही वेळा खरा.

काही सेकंदांत कळायलाच हवं असं काम असेल तर दर १५ मिनिटांनी डोकावणारा ट्रिगर घेऊ नका. डेटाबेसमधून किंवा अ‍ॅपमधून थेट वेबहुक (घटना घडताच जाणारी सूचना) मारायची सोय करून घ्या. आम्हाला १५ मिनिटं चालतात. याद्या एकत्र केल्यापासून कोट्याचा वापर तिसऱ्या हिश्श्यावर आलाय, त्यामुळे पुढच्या वर्षी खालचा प्लॅन घेणार आहे. त्या वीस ओळी लिहिणाऱ्याचा वेळ या हिशेबात मी धरलेला नाही, आणि हे त्याने वाचलं तर तो मला आठवण करून देईलच.