सोलापुरात राहून एमएससी जिऑलॉजी पूर्ण करणं: रेटिंग ५ पैकी ४

ॲडमिशनचा सीझन आला की कुणीतरी विचारतंच, बीएस्सी झालंय, इथंच सोलापुरात एमएससी करू का पुण्याला जाऊ, आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. फी, मेस, हॉस्टेल यावर लिहीत बसत नाही, ते दरवर्षी बदलतं आणि ऑफिसात विचारलं की कळतं. कोर्स पूर्ण व्हायला नक्की काय काय लागतं आणि त्यातलं पैसे वसूल काय आहे, एवढंच.

कागदावर बघितलं तर सोप्पं वाटतं. नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये दोन वर्षं, चार सेम, प्रत्येकी २२ म्हणजे एकूण ८८ क्रेडिट. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजीचे ४, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग नाहीतर फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्टचे ४ आणि चौथ्याला त्याचेच ६. उरलेले पेपर नि प्रॅक्टिकल. मिनरलॉजी, स्ट्रक्चरल, स्ट्रॅटिग्राफी, हायड्रोजिऑलॉजी, रिमोट सेन्सिंग हे कुठंही जा थोड्याफार फरकानं तेच असतं, नोट्स सीनियरकडून येतात, बसून वाचलं की सुटतात. खरी डिग्री त्या १० क्रेडिटच्या प्रोजेक्टमध्ये आहे. आणि तो प्रोजेक्ट हुशारीवर कमी अन् कॅलेंडरवर जास्त चालतो, हे ॲडमिशन घेताना कुणी सांगत नाही.

म्हणजे कसं, की सोलापुरात दहातले निम्मे तरी ग्राउंडवॉटरवरच प्रोजेक्ट घेतात आणि ते बरोबरच आहे, खाली सगळा बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचा काळा खडक, पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, एका शिवारात ऊस उभा आणि शेजारच्या गावाला टँकर, याच्यापेक्षा चांगला विषय कुठं शोधणार. पण पाण्याच्या क्वालिटीचा किंवा लेव्हलचा अभ्यास म्हटलं की प्री-मान्सून आणि पोस्ट-मान्सून असे दोन सेट लागतात. आता गंमत बघा, रिसर्च प्रोजेक्ट सुरू होतो तिसऱ्या सेमला, म्हणजे जुलै-ऑगस्ट, तोपर्यंत प्री-मान्सून गेलेला असतो! मग पोरं काय करतात, नोव्हेंबरात पोस्ट-मान्सून घेतात आणि प्री-मान्सूनसाठी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबतात, आणि एप्रिल-मेमध्ये सबमिशन. सँपल बाटलीत, गाइड दारात. एक स्टार कापलाय तो याच्यासाठी, की सोलापूरच्या पावसाचा आणि सेमिस्टरच्या तारखांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

यावर उपाय आमच्या सीनियर्सनी सांगितलेला, तोच पुढं देतो. पहिलं वर्ष संपायच्या आत गाइडशी बोलून एरिया फिक्स करा आणि मेच्या सुट्टीत पहिला सेट उचला. ऊन ४२-४३ असतं, माहितीये, पहाटे निघायचं. दुसरा सेट घ्यायची पण घाई नको, आपल्याकडं जोराचा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, त्यामुळं सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतलेलं सँपल पोस्ट-मान्सून म्हणून खपवलंत तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथंच येतो. ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबर बरोबर. बाकी सगळं आयुष्य सोपं होतं, खोटं नाही सांगत.

फील्डला माझ्याकडून पूर्ण पाच स्टार. क्लासमध्ये व्हेसिक्युलर (भोकाभोकांचा), ॲमिग्डलॉइडल (भोकं खनिजानं भरलेला), कॉम्पॅक्ट (अखंड) बेसॉल्ट, रेड बोल (लाव्हाच्या दोन थरांमधला लाल पट्टा) अशी नावं पाठ केलेली असतात आणि मग एखाद्या विहिरीच्या काठावर उभं राहिलं की शेतकरीमामा वरनं खाली बोट दाखवत सांगतात, वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊ, भोकाभोकांचा खडक), त्याच्याखाली काळा पाषाण आणि त्या लाल पट्ट्यात गेरू. अख्खा लिथोलॉग, म्हणजे खडकांच्या थरांची यादी, त्यांना तोंडपाठ, कारण विहीर त्यांच्या बापजाद्यांनी खोदलेली. मुरमात आणि फुटलेल्या खडकात पाणी हलतं, अखंड काळ्या पाषाणात भेग असेल तरच, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा त्या काठावर पटकन डोक्यात शिरतं. फक्त खोली विचारली की उत्तर परसात (परस म्हणजे पुरुषभर उंची) येतं, त्यामुळं टेप सोडून स्वतः मोजायचं, व्यास आणि पाण्याची पातळी पण. विहिरीचा कठडा जमिनीपासून किती वर आहे तेही लिहून ठेवा, नाहीतर नंतर कॉन्टूर मॅपमध्ये भूजल डोंगर चढताना दिसतं.

दोन गोष्टी फील्डला जायच्या आधी माहीत पाहिजेत. एक, अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या बाजूला एरिया असेल तर कन्नड बोलणारा मित्र सोबत घ्या, कितीतरी गावांत घरातलं बोलणं कन्नडच आहे, आणि दोन वाक्यं त्यांच्या भाषेत झाली की चहा पण येतो अन् बोअरचा खरा इतिहास पण, म्हणजे किती बोअर कोरडे गेले ते. दुसरं, सगळीकडं तुम्हाला पाणाड्याच समजणार. "आलाच हायसा तर बघा की कुठं लागंल पाणी," हे प्रत्येक बांधावर. बाटल्या आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मोजायचा मीटर बघून तर अजूनच विश्वास बसतो. एका आण्णांनी आमच्यासमोरच नारळ तळहातावर उभा करून पॉइंट दाखवला आणि म्हणाले आता तुमच्या मशीननं सांगा. मशीन म्हणजे पीएच मीटर होता बे. हसायचं नाही, नीट सांगायचं की आम्ही पाणी कसं आहे ते तपासतो, कुठं आहे त्याला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत करंट सोडून मोजणी) लागतो, आणि रिझल्ट आले की त्यांना त्यांच्या विहिरीचे आकडे फोन करून सांगायचे. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर ते त्या घराला कळलंच पाहिजे, बीआयएसच्या पिण्याच्या पाण्याच्या स्टँडर्डमध्ये नायट्रेटला त्याच्यावर सूटच नाहीये, आणि ऊसपट्ट्यात खताचा मारा असतो तिथं हा आकडा वर गेलेला सापडतो.

लॅब. लॅबला तीन स्टार, आणि हे कुठल्याही डिपार्टमेंटबद्दल खरंय, फ्लेम फोटोमीटर (सोडियम-पोटॅशियम मोजायचं मशीन) एक आणि रांगेत सगळे. त्यामुळं पीएच आणि ईसी जागेवरच मोजून मोकळं व्हायचं, बायकार्बोनेट आल्या आल्या लगेच, कॅल्शियम, सोडियमसारख्या कॅटायनची (धन आयनांची) बाटली वेगळी आणि त्यात नायट्रिक ॲसिड टाकलेलं. हार्डनेसचं टायट्रेशन बीएस्सीला केलेलंच असतं, ईडीटीए टाकत जायचं, वाइन रेडचं निळं झालं की थांबायचं. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट महाग पडतं म्हणून सांभाळून. सगळे आकडे आले की नाचायच्या आधी आयन बॅलन्स काढा, कॅटायन आणि ॲनायनची (ऋण आयनांची) मिलिइक्विव्हॅलंटमधली बेरीज ५ टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे, फार तर १०. जुळत नसेल तर पायपर डायग्राम (पाण्याचा प्रकार दाखवणारा आलेख) कितीही देखणा काढला तरी उपयोग शून्य, एक्स्टर्नल आधी तोच कॉलम बघतो.

ज्यांना पाणी नको त्यांच्यासाठी पेट्रोलॉजी आहे, म्हणजे थिन सेक्शन. दगडाचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासत आणायचा, काचेवर कार्बोरंडम पावडर, आधी जाड मग बारीक, आणि हातानं गोल गोल. मायक्रोस्कोपखाली क्वार्ट्झ फिका राखाडी दिसला की जाडी बरोबर असं पुस्तक म्हणतं, पण आपल्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ कुठनं आणणार, म्हणून प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्यांवर लक्ष ठेवायचं, त्या राखाडी-पांढऱ्या झाल्या की हात थांबवायचा. अजून दोन मिनिटं घासू म्हणणाऱ्याची स्लाइड काचेवरनं गायब होते. झिओलाइट हे खनिज भरलेला मऊ दगड तर घासताना नुसता सांडतो, त्याला आधी एपॉक्सी पाजावी लागते. वेळखाऊ काम आहे, पण पहिल्यांदा क्रॉस निकॉलखाली (मायक्रोस्कोपचे दोन पोलरायझर आडवे-उभे ठेवून) ऑगाइट हे खनिज रंगीत दिसतं ना, तेव्हा शेतातल्या काळ्या धोंड्याबद्दलचं मत कायमचं बदलतं.

टूरबद्दल थोडक्यात. सोलापूरला एक मोठा तोटा आहे, इथं खडक सगळा जवळपास आडवा, लाव्हाचे थर एकावर एक, त्यामुळं स्ट्राइक-डिप (थरांची दिशा आणि उतार) शिकायला इथं काही नाही, ते मोजायचा क्लायनोमीटर दप्तरात झोपून असतो. पण फायदा असा की गाडीत बसलं की शहाबाद-वाडी हाकेच्या अंतरावर. ज्या शहाबादी फरशीवर आपण लहानपणी उन्हाळ्यात पोटावर पडून झोपलो ती भीमा बेसिनचा चुनखडक आहे, प्रोटेरोझोइक, म्हणजे ५४ कोटी वर्षांच्याही आधीचा, आणि त्याच्यावर जाऊन बसलाय आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. मधली सगळी वर्षं गायब. अनकन्फॉर्मिटी, म्हणजे थरांमधला हा काळाचा खंड, हा शब्द स्लाइडवर बघणं वेगळं आणि हे असं समोर ठेवून विचार करणं वेगळं. टूरची डायरी मार्कांना असते, रोजच्या रोज लिहा, शेवटच्या रात्री सगळ्यांनी मिळून लिहिलेली डायरी वाचताना सरांना सगळ्यांना एकाच वेळी तहान लागलेली दिसते.

नकाशे घरबसल्या होतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट, एसआरटीएमचा ३० मीटरचा उंचीचा डेटा फुकट, सोलापूर शहराची जुनी टोपोशीट ४७ ओ/१४. प्रोजेक्शन यूटीएम झोन ४३ ठेवा, मागच्या बॅचमधल्या कुणाचीतरी फाइल उचलली आणि त्यात ४४ असेल तर तुमच्या विहिरी भलत्याच ठिकाणी जाऊन पडतील. लॅपटॉप जुना असला तरी चालतं, लाइट गेली की तेवढं सेव्ह करत चला.

लिहिताना खरा त्रास होतो तो चॅप्टर दोनचा. जनरल जिऑलॉजी ऑफ द एरिया. डेक्कन ट्रॅपनं (म्हणजे या बेसॉल्टच्या थरांनी) ५ लाख चौरस किलोमीटर एरिया व्यापलाय, हे वाक्य सोलापुरातल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्याच जागी सापडेल, आणि सॉफ्टवेअरला पण सापडतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की अडचण, आणि ते १० टक्के हा एक चॅप्टरच खाऊन टाकतो. तिथं स्वतःच्या फील्डमधलं लिहा, कुठल्या नाल्यात काय दिसलं, गेरूचा पट्टा किती मीटर खोलीवर लागला. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमध्ये ते नसणारच.

प्रिंटिंग आणि बाइंडिंगला दीड स्टार, तेही उदार होऊन. सबमिशनच्या आठवड्यात शहरातली सगळी झेरॉक्सची दुकानं लग्नाच्या हॉलसारखी भरलेली असतात. मी जिथं टाकलं त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण त्यांनी रंगीत पानं म्हणून दिलेली पानं सरसकट ब्लॅक अँड व्हाइट मारली आणि पायपर डायग्राममधले लाल प्री-मान्सून आणि निळे पोस्ट-मान्सून ठिपके एकाच रंगाचे झाले. वर मालक म्हणतो, "दिसतंय की सगळं." नशीब एकासाठी त्रिकोण आणि एकासाठी गोल वापरलेले, वाचलो. तुम्ही पण तसंच करा. डाव्या बाजूला दीड इंच मार्जिन सोडा, नाहीतर टेबलचा पहिला कॉलम म्हणजे विहिरीचा नंबरच बाइंडिंगमध्ये जातो. आणि कव्हरवरची सोनेरी अक्षरं छापायच्या आधी स्वतःच्या डोळ्यानं वाचा, "जिऑलॉजी"चं "झूलॉजी" झालेली एक कॉपी मी बघितलीये.

व्हायवाची भीती उगाच असते. सँपल तुम्ही स्वतः घेतलं असेल तर दहा मिनिटात सुटका, नसेल तर पहिल्या तीन प्रश्नांत कळतं. अमुक विहिरीचा टीडीएस (विरघळलेले क्षार) एवढा का, शेजारी काय आहे, ओढा का गोठा का उसाची शेती, असंच विचारतात. गावात फिरलेला पोरगा झोपेतनं उठवला तरी सांगतो.

शेवटचं, नोकरी. यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा मास्टर्सवाल्यांसाठीच असते, त्यातनं जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जिऑलॉजिस्ट आणि केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट होता येतं, शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो, भरा. गेटचा जीजी पेपर आणि नेटचा अर्थ सायन्स पण आहेच. राज्यात जीएसडीए (भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा) आहे, पण जागा कधी निघतील त्यावर आयुष्य टांगून ठेवू नका, मधल्या काळात जीआयएस येत असेल तर पुणे-हैदराबादला काम मिळतं. पुण्याला जाऊन एमएससी केलं तर क्लास आणि ओळखी जास्त मिळतील हे मान्य. पण विहिरी इथंच मोजायच्या असतील तर दर वीकेंडला पुण्याहून एसटीनं बाटल्यांचा क्रेट घेऊन येणार आहात का, ते आधी ठरवा. ज्यांनी यंदा पहिल्या वर्षाला घेतलंय त्यांनी एप्रिलच्या आत एक-एक लिटरच्या बाटल्या घेऊन ठेवा, मेमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा भाव सोलापुरात वेगळाच असतो.