एम.एस्सी.चं दुसरं वर्ष : आधी नेट की आधी गेट?

एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आलात की हा प्रश्न येतोच. जर्नल अपुरं, सेमिनार डोक्यावर, आणि नागपुरातल्या तर्री पोह्यांच्या ठेल्यावर एक जण नेटचा फॉर्म भरून आलेला, दुसरा गेटचा. नेट म्हणजे सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची परीक्षा, संशोधनाच्या फेलोशिपसाठी आणि कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेसाठी; गेट म्हणजे एम.टेक., पीएच.डी.च्या प्रवेशासाठीची. मी दोन्ही दिल्या, आधी नेट. क्रम उलटा घ्यायला हवा होता असं मला वाटतं; तुमचं गणित वेगळं असू शकतं.

अभ्यासक्रमात फारसा फरक नाही. पेरिसायक्लिक, ग्रुप थिअरी, ऑर्गेनोमेटॅलिक, क्वांटम दोन्हीकडे आहेच. वेळ तीन तास. फरक आहे तो पेपर तुमच्याकडून अभ्यास कसा करवून घेतो यात.

नेटमध्ये १२० प्रश्न, त्यातले ७५ सोडवायचे. खरी मेख पार्ट सीमध्ये. ६० प्रश्नांतून २५ निवडा, बरोबर आला तर ४ गुण, चुकला तर १ गेला. ऐकायला काय छान! पण ही मुभाच मला नडली, आणि तीही परीक्षेच्या बऱ्याच आधीपासून. स्टॅटिस्टिकल थर्मोडायनॅमिक्सचं पार्टिशन फंक्शन डोक्यावरून गेलं? जाऊ दे, ६० मधले २५च तर करायचेत. ग्रुप थिअरीत रिड्युसिबल रिप्रेझेंटेशन फोडताना आकडा पूर्णांकात येईना? तेही जाऊ दे. अभ्यासिकेत रोज दहा-दहा तास बसायचो, खोटं नाही. पण दिवाळीला वही चाळली तर ऑर्गॅनिक काठोकाठ भरलेलं आणि फिजिकलची निम्मी पानं कोरी. पुढे सेमिस्टरच्या पेपरात तेच पार्टिशन फंक्शन समोर आलं. तिथे सोडायची सोय नव्हती.

प्रत्यक्ष नेटच्या दिवशी तर कहरच. पार्ट सीचे बावीस प्रश्न झाले आणि उरलेल्या तिनांच्या शोधात किती वेळ गेला ते घड्याळाकडे पाहवेना. त्यात पंचवीसपेक्षा जास्त सोडवले तर पहिले २५च तपासतात. मला ११७ व्या क्रमांकाला हक्काचा प्रश्न सापडला, तोवर पंचवीस भरले होते. मग मागे जाऊन कोणता पुसू, याचा विचार. रूमवर येऊन हे सांगितलं तर रूममेट म्हणाला, “काहून बे, पेपर सोडवून राहिला होता का इतवारीच्या बाजारात साड्या पाहून राहिला होता?”

गेटमध्ये ही चैन नाही. ६५ प्रश्न, १०० गुण, सगळे तुमचेच. त्यातले १५ गुण जनरल अॅप्टिट्यूडचे, ते सोडून देऊ नका. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह एक तृतीयांश, म्हणजे नेटच्या पाव हिश्श्यापेक्षा कडक. पण आकड्यात उत्तर मागणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्हच नाही. तिथे पर्यायही नाहीत, आणि हे प्रश्न मला फार आवडले.

साधं उदाहरण घ्या. तापमान २९८ वरून ३०८ केल्विन केलं आणि अभिक्रियेचा वेग दुप्पट झाला, तर सक्रियण ऊर्जा किती? चार पर्याय समोर असले की ‘दहा अंशांना दुप्पट म्हणजे पन्नासच्या आसपास’ एवढं आठवून जवळचा पर्याय टिकमार्क करता येतो. गेटला ५२.९ किलोज्यूलपर्यंत स्वतःच पोचावं लागतं. मी पहिल्यांदा १/२९८ म्हणजे ०.००३३६ आणि १/३०८ म्हणजे ०.००३२५ असं गोल करून वजाबाकी केली, उत्तर आलं ५२.४. पद्धत बरोबर, मार्क शून्य. वजाबाकीच्या आधी आकडे गोल करायचे नाहीत, ही गोष्ट पदवीपासून ऐकत आलो होतो. हाताला लागली ती त्या दिवशी.

तक्रार गेटबद्दलही आहेच. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा, तोही माऊसने एकेक बटण टिचकावत चालवायचा. आधी आकडा, मग लॉग. हातातल्या कॅल्क्युलेटरवर बोटं बसलेल्या माणसाला पहिला अर्धा तास चिडचिड होते. हाच कॅल्क्युलेटर घरी कॉम्प्युटरवर महिनाभर वापरा, मग जाते.

नेटच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिन्याला ३७,००० रुपये. वर्षातून दोनदा संधी; गेट एकदाच, फेब्रुवारीत, पण स्कोअर तीन वर्षं चालतो. शिवाय कॉलेजात शिकवायचं असेल तर गेटचा काही उपयोग नाही. नेट, राज्य पातळीवरची सेट, नाहीतर पीएच.डी. लागते. सेटला निगेटिव्ह मार्किंगही नाही. आणि नीरीसारखी सीएसआयआरची पर्यावरण संशोधनाची प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच असताना पीएच.डी.चा विचार करणाऱ्याने नेटकडे पाठ फिरवावी असं मी म्हणणार नाही.

मी फक्त क्रमाबद्दल बोलतोय. तिसऱ्या सेमिस्टरपासून गेटच्या हिशेबाने अभ्यास केला असता तर एकही धडा बाजूला टाकता आला नसता, आणि सेमिस्टरचा पेपरही त्यातच सुटला असता. फेब्रुवारीत गेट, मग चौथ्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट उरकून उन्हाळ्यात नेट. तोवर ६० मधले २५ निवडणं ही खरोखरची निवड असते, पळवाट नसते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून उजळणी तेवढी होते, नवीन काही शिरत नाही, निदान माझ्या डोक्यात तरी.

साड्यांचा टोमणा मारणाऱ्या रूममेटने मात्र आधी नेटच दिली आणि जेआरएफ काढली. त्याची वही नंतर मी मागून घेतली. एकही पान कोरं नव्हतं.