बिस्मथ-२२१२ चे स्फटिक : पृष्ठभाग उत्तम, माहितीपत्रक अपुरे

पुण्यातील आमच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेसाठी शहरातीलच एका पुरवठादाराकडून बिस्मथ-२२१२ या क्युप्रेट, म्हणजे कॉपर ऑक्साइड वर्गातील अतिसंवाहकाचे (पुरेसा थंड केला की विद्युतरोध शून्य होणाऱ्या पदार्थाचे) एकस्फटिक मागवले होते. पार्सल ऐन पावसाळ्यात आले, तरी प्रत्येक स्फटिक सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत कोरडा राहिला होता.

पृष्ठभाग ही या मालाची खरी जमेची बाजू आहे. नखाएवढ्या काळ्या पत्रीवर चिकटपट्टी दाबून सावकाश ओढली, की अभ्रकासारखा पापुद्रा सुटतो आणि खाली आरशासारखा लखलखीत भाग उघडा पडतो. बिस्मथ-ऑक्सिजनच्या दोन शेजारच्या थरांमधले बंध दुबळे असल्यामुळे स्फटिक नेमका तिथेच सुटतो, आणि म्हणूनच स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली (पृष्ठभागाचे अणुपातळीवरचे चित्र देणाऱ्या उपकरणाखाली) चार्ज ऑर्डर, म्हणजे विद्युत्भाराची ठरावीक अंतराने कमी-जास्त होणारी मांडणी, पाहू इच्छिणारे संशोधक या पदार्थाला पसंती देतात. २००२ मध्ये याच पदार्थात, चुंबकीय भोवऱ्यांभोवती (चुंबकीय क्षेत्र जिथून अतिसंवाहकात शिरते त्या जागांभोवती), सुमारे चार एकक-कोशांच्या, म्हणजे स्फटिकरचनेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकांच्या, अंतराने पुनरावृत्त होणारी चौकटीदार नक्षी दिसली होती. ती केवळ वरच्या थरापुरती आहे की आतही आहे, हा प्रश्न त्यानंतर बरीच वर्षे रेंगाळला. २०१४ मध्ये बिस्मथ-क्युप्रेटांच्या पृष्ठभागावरील मापने आणि खोलवर जाणाऱ्या क्ष-किरणांची मापने एकमेकांशी जुळली, तेव्हा पृष्ठभागाच्या साक्षीवरचा विश्वास पुष्कळ वाढला. इतका स्वच्छ सुटणारा स्फटिक हाती येणे मला म्हणूनच मोलाचे वाटते.

माहितीपत्रकाने मात्र निराशा केली. त्यात संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते तापमान, ८० केल्विन एवढेच छापले आहे. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, रोध शून्यावर आला, तेव्हा आकडा खोटा नाही. पण तो अपुरा आहे. या पदार्थाचे संक्रमण तापमान योग्य ऑक्सिजन-प्रमाणाला ९० केल्विनच्या आसपास पोहोचते आणि ऑक्सिजन त्याहून कमी झाला तरी घटते, जास्त झाला तरी घटते. ८० केल्विन दोन्ही बाजूंना मिळू शकते. चार्ज ऑर्डर ठळक असते ती कमी ऑक्सिजनच्या बाजूला, त्यामुळे नमुना कोणत्या बाजूचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर मोजमाप करण्यात अर्थ नाही. विचारणा केल्यावर उत्तर सौजन्याने मिळाले, माहिती मात्र मिळाली नाही.

डबीवर स्फटिकाक्षांची खूणही नव्हती. या पदार्थाच्या जालकातच, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतच, सुमारे २६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अंतराची एक लहर असते, आणि ती तांबे-ऑक्सिजन बंधांशी ४५ अंशांचा कोन करते. चार्ज ऑर्डर मात्र त्या बंधांच्या दिशेने, सुमारे १५ अँगस्ट्रॉम अंतराने पसरते. दिशा ठाऊक असेल तर नवख्या विद्यार्थ्यालाही दोन्ही वेगळ्या ओळखता येतात.

विद्यार्थ्यांना रोधमापन आणि पापुद्रे सोलण्याचे तंत्र शिकवण्यासाठी हे स्फटिक निःशंकपणे घ्यावेत. संशोधनासाठी घेणाऱ्यांनी मागणी नोंदवतानाच, स्फटिक कोणत्या वायूत, किती तापमानाला आणि किती वेळ तापवले याची नोंद लेखी मागावी; ऑक्सिजनचे प्रमाण त्यावरच ठरते.