टोंकिनवाली तलवार: म्यानाला फुल्ल मार्क, दुकानदाराच्या गोष्टीला भोपळा

पॅरिसच्या सांत-वां जुन्या बाजारात (मेट्रो ४ नंबर, पोर्त द क्लिन्यांकूरला उतरायचं, शनि-रवि-सोम यापैकीच जा) जुन्या हत्यारांचं एक दुकान आहे, नाव मुद्दाम टाकत नाही. तिथे व्हिएतनामी तलवार बघितली, फ्रेंच अधिकाऱ्याची, टोंकिनच्या (म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या) मोहिमेतली, १८८३ ते ८६ मधली, असं दुकानदार सांगत होता.

म्यान एक नंबर आहे राव. शिसवी जातीचं गडद लाकूड, त्यात शिंपल्याचे तुकडे वेली-फुलांच्या आकारात कापून बसवलेत, जरा कलतं धरलं की हिरव्याचं गुलाबी होतं, पाकळ्यांवरच्या रेघासुद्धा कोरून काळं भरलंय. हनोईत या कारागिरांची हांग खाय नावाची आख्खी गल्लीच होती, फ्रेंच लोक तिला जडावकाम करणाऱ्यांचा रस्ता म्हणायचे. टोकाकडचे दोन-तीन तुकडे मात्र प्लॅस्टिकचे घातलेत, मोबाईलचा टॉर्च मारला की ते नुसते पांढरेफटक, बाकीचे चमकतात. विचारेपर्यंत चकार शब्द नाही हां त्याबद्दल!

मूठ हस्तिदंती, बुडाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात म्हणजे हाड नाही. पातं साधंच, युरोपियन वाटलं, त्यात वावगं काही नाही म्हणा, आपल्या फिरंग तलवारीला पण पातं बरेचदा बाहेरचंच असायचं.

खटकली ती गोष्ट. म्हणे साहेबाने लढाईत जिंकली, अहो पण धारच लावलेली नाही आणि असली नटवलेली तलवार साहेब लोक तिकडे सरळ विकतही घ्यायचे. पुरावा काय तर चांदीच्या पट्टीवर कोरलेलं नाव, ना पत्र ना फोटो ना जुनी पावती, आणि तेवढ्यावर तशाच बिननावाच्या तलवारीच्या जवळजवळ दुप्पट भाव. नाव काय, उद्या मी पण कोरून आणेन.

हस्तिदंतामुळे भारतात न्यायचा विचारही करू नका. युरोपात विकायलासुद्धा २०२२ पासून अशा जुन्या वस्तूंना सर्टिफिकेट लागतं, ते मागितलं तर म्हणतो घरचीच आहे म्हणून बॅगेत टाका, कोण विचारतंय! इथे दोन स्टार कापले.

बघायला मात्र जरूर जा, तलवार हातात देतो, फोटोलाही नाही म्हणत नाही.

३/५