दादरमधील रविवारच्या प्रयोगवर्गाविषयी

पाचवीतल्या आमच्या मुलीला आम्ही दादर पश्चिमेच्या एका लहानशा प्रयोगवर्गात चार रविवार पाठवले. पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्याने मलाही सारे जवळून पाहता आले.

वर्गाचा नियम एकच आहे: साहित्याला हात लावण्यापूर्वी आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा आणि तो चुकला तरी खोडायचा नाही. पहिल्या दिवशी लंबक होता. एक मीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधून १० आंदोलनांचा वेळ तीनदा मोजला, तेव्हा मुलीला २०.१, १९.८ आणि २०.३ सेकंद मिळाले, आणि तिने लगेच तिन्ही जागी २० करायला घेतले. शिकवणाऱ्या ताईंनी तिला थांबवून हे आकडे वेगवेगळे का आले असतील, एवढेच विचारले. स्टॉपवॉचचे बटण दाबण्यातल्या मागेपुढेपर्यंत मुले आपली आपणच पोहोचली. दोन नट बांधले की लंबक लवकर झुलेल, असे जवळजवळ सर्वांनी लिहिले होते, पण वेळ तेवढाच राहिला. दोरा अर्धा केला की वेळही अर्धा होईल, हा अंदाजही फसला, कारण १० ऐवजी १४ सेकंद लागले. १० सेकंदांसाठी दोरा २५ सेंटिमीटरपर्यंत आखूड करावा लागतो, हे मुलांनी अर्धा तास खटपट करून शोधले आणि तेवढ्या वेळात ताईंनी सूत्राचा उच्चारही केला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

तिसरा रविवार मात्र वाया गेला. त्या दिवशीच्या सरांनी पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर ग्लास पालथा घातला आणि आतला प्राणवायू संपल्यामुळे पाणी वर चढले, असे सांगून ते मोकळे झाले. ज्योत विझल्यावरच पाणी भरभर चढले, हे एका मुलाने नेमके टिपले होते. तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे मुख्य कारण तिथून दोन पावलांवर होते. त्या मुलाला मात्र खाली बसायला सांगण्यात आले. घरी आम्ही गरम पाण्याने विसळलेला ग्लास मेणबत्तीशिवाय तसाच पालथा घातला, तरीही पाणी चढले.

सहावीच्या बाल वैज्ञानिक स्पर्धेची तयारी येथे होत नाही. नाव घालण्यापूर्वी ताईंची तुकडी कोणती, ते आवर्जून विचारावे.