जुन्या ९९८ मिनीला एलसीबी, आरसी४० आणि एकच एसयू कार्ब: काही महिने चालवल्यावर काय वाटतं

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ९९८ सीसीच्या मिनीवर (ती जुनी छोटी ब्रिटिश गाडी) खर्च करायचाच असेल तर पहिले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), मग सायलेन्सर, मग कार्बुरेटरची निडल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई, आणि ट्विन म्हणजे दोन कार्बचा नाद अगदी शेवटी, तोही हौस म्हणून. माझ्या गाडीत सध्या एलसीबी (लांब मधल्या नळीचा) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दोन डब्यांचा आरसी४० सायलेन्सर, ॲल्युमिनियमचा इनलेट मॅनिफोल्ड (कार्बमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा), के अँड एनचा एअर फिल्टर आणि मूळचाच दीड इंची एसयू कंपनीचा एचएस४ कार्ब असा सगळा सेट आहे. ऊन, पाऊस, ट्रॅफिक, लांबचा प्रवास, सगळं करून झालंय.

एलसीबीचं एवढं कौतुक का, तर या इंजिनाच्या हेडला (व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागाला) चार सिलिंडरमागे एक्झॉस्टची तीनच भोकं असतात, मधल्या भोकातून २ आणि ३ नंबर दोघं मिळून धूर सोडतात आणि कडेच्या दोन भोकांतून १ आणि ४. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ आणि ३ एकमेकांच्या आड येत नाहीत, पण मधला पाइप कडेच्या पाइपांना लगेच जोडला की शेजारचा धक्का आत शिरतो, आणि मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये नेमकं तेच होतं. एलसीबीत मधली नळी लांब खाली नेऊन मगच जोडलीये, नावच लाँग सेंटर ब्रांच. चालवताना फरक कुठे कळतो म्हणाल तर टॉप स्पीडमध्ये नाही हो, मधल्या आरपीएमला. चढावर जिथे आधी तिसरा टाकायलाच लागायचा तिथे आता चौथ्यावर बऱ्यापैकी ओढते, रडत नाही. चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवरची गाडी, तिची रेसिंग कार होणार नाहीये, पण पिकअप पहिल्या दिवशीच जाणवतो.

बसवताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच गॅस्केटवर, एकाच स्टडवर बसतात, जाड मोठा वॉशर अर्धा या फ्लँजवर (जोडाच्या सपाट कडेवर) आणि अर्धा त्या फ्लँजवर. नवीन एलसीबीची फ्लँज आणि इनलेटची फ्लँज यांच्या जाडीत थोडाही फरक असला की वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट आणि दुसरी नुसती टेकलेली. मग तिथून हवा ओढते, आयडलिंग वरखाली होतं, पाय सोडला की मागून फटफट आवाज येतो, आणि माणूस बिचारा कार्बचे स्क्रू पिळत बसतो. म्हणून बसवण्याआधी दोन्ही फ्लँज कॅलिपरनं मोजायच्या आणि जाड असेल ती घासून सारखी करून घ्यायची. नंतर शंका आली तर आयडलिंगला जॉइंटवर थोडा कार्ब क्लीनर मारायचा, आरपीएम बदलला की समजा लीक तिथेच आहे. फक्त मॅनिफोल्ड तापलेला असताना मारू नका, पेट घेईल.

सायलेन्सरबद्दल माझं मत जरा म्हाताऱ्यासारखं वाटेल पण दोन डब्यांचाच घ्या. मित्राच्या गाडीला एका डब्याचा आहे, पार्किंगमधून निघताना भारी वाटतं, पण ३००० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये असा घूं आवाज भरतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. इंजिन एवढं छोटं की त्या एका डब्यानं जादा काही मिळालंय असं मला तरी जाणवलं नाही.

आणि हो, स्टेडी बार! या गाडीत इंजिन आडवं, ॲक्सिलरेटर दिला-सोडला की ते पुढेमागे झुलतं, आणि ते झुलणं आवरायला वर जो दांडा असतो त्याचे रबर बुश गेले की सगळा ताण एक्झॉस्टच्या पाइपवर. मग पाइपला तडा जातो आणि लोक म्हणतात एलसीबी टिकत नाही. बुश नवीन टाका, खाली गिअरबॉक्सजवळचा सपोर्ट ब्रॅकेट विसरू नका, बस.

आता कार्ब. एक्झॉस्ट आणि फिल्टर मोकळा केला की हवा जास्त जाते, पण निडल जुनीच असेल तर पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. वाइडबँड मीटर (पेट्रोलच्या किती पट हवा ते दाखवणारा) लावून बघितलं तर जुन्या निडलवर फुल थ्रॉटलला रीडिंग १४च्या वर, जिथे साधारण साडेबारा-तेरा हवं. एक पायरी रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, निडल टाकली, कार्बच्या पिस्टनवरची लाल रंगाची साडेचार औंसाची स्प्रिंग तीच ठेवली, आणि गाडी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. निडल बसवताना तिचा खांदा कार्बमधल्या पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाट आला पाहिजे, आत-बाहेर झाला तर मिक्श्चरचं गणित गेलं. डॅशपॉटमध्ये (या पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या नळीत) २० ग्रेडचं इंजिन ऑइल, त्याहून फार पातळ घातलं तर पिस्टन झटकन वर जातो आणि अचानक ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर गुदमरते. ॲव्हरेज म्हणाल तर शांतपणे चालवली की आधीइतकंच, पाय जड असेल तर अर्थातच कमी.

ट्विन कार्बचं सांगायचं तर दिसायला ते फारच देखणे, बॉनेट उघडलं की गर्दी जमते, मान्य. पण हिशोब करा, सव्वा इंची दोन एचएस२ कार्बचं मिळून तोंड साधारण २.४५ चौरस इंच, पावणेदोन इंची एका एचआयएफ४४ कार्बचं २.४. म्हणजे जवळपास तेवढंच. आणि दोन कार्ब म्हटलं की लिंकेज, बॅलन्सिंग, सगळं दुप्पट. वेबर ४५ साइडड्राफ्ट (आडवा बसणारा मोठा कार्ब) तर रोजच्या गाडीला मी सुचवणारच नाही, लांब मॅनिफोल्ड घ्यायचा तर स्पीडोमीटरमागचा पत्रा कापावा लागतो, गाडीच्या चांगल्या शेलला (बॉडीच्या सांगाड्याला) कशाला हात लावायचा.

१२७५ सीसी इंजिनवाल्यांनी मात्र एचआयएफ४४ चा विचार जरूर करावा, त्या इंजिनाला तेवढी हवा लागते. ९९८ ला दीड इंची पुरतो. माझ्याकडे यापुढे झालंच तर हेडचं काम, ९९८ कूपरवर (मिनीच्या जास्त ताकदीच्या मॉडेलवर) यायचं ते १२जी२९५ हेड शोधतोय. १२७५ चं १२जी९४० हेड कुणी स्वस्तात देत असेल तरी ९९८ वर तसंच चढवू नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकला आपटतात, आधी ब्लॉकमध्ये खाचे करून घ्यावे लागतात.