देवदूतांच्या नऊ श्रेणींचा भित्तितक्ता आणि पुस्तिका: एक परीक्षण

माझी नात इंग्रजी साहित्यात एम. ए. करते. मिल्टन आणि दान्ते वाचताना तिला एकच अडचण वारंवार येत असे. सेराफ, चेरब, थ्रोन, डॉमिनियन ही देवदूतांच्या श्रेणींची नावे कवितेत सहज येऊन जातात, टीपांमध्ये त्यांचा एका ओळीत अर्थ दिलेला असतो. मात्र या मंडळींचा परस्परसंबंध काय आणि ही उतरंड मुळात आली कोठून, हे कोणी नीट सांगत नाही. त्यामुळे धुळ्यातील एका पुस्तक प्रदर्शनात ‘पाश्चात्त्य धर्मपरंपरांतील देवदूत’ असे लिहिलेला मराठी संच दिसताच मी तो लगेच विकत घेतला. संचात एक मोठा रंगीत भित्तितक्ता आणि 48 पानांची पुस्तिका आहे, आणि किंमत 450 रुपये आहे. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण माझे आक्षेप मी त्यांना पत्राने कळवले आहेत आणि दुरुस्तीची संधी त्यांना मिळायला हवी. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. हा तक्ता सहा महिने आमच्या गावच्या वाचनालयात लावून आणि पुस्तिका दोनदा वाचून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम चित्रांविषयी लिहितो, कारण तक्त्याचे सर्वांत मोठे बळ तेथेच आहे. सर्वांत वरच्या पंक्तीतील सराफीम (इंग्रजीतील सेराफ; एकवचनी सराफ) बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वर्णिल्याप्रमाणे सहा पंखांचे काढले आहेत: दोन पंखांनी मुख झाकलेले, दोन पंखांनी पाय झाकलेले आणि दोन पंखांनी उडणारे. त्यांना लाल रंग दिला आहे आणि त्याखालच्या करूबीमांना (इंग्रजीतील चेरब; एकवचनी करूब) निळा. ही चित्रकाराची लहर नाही. मध्ययुगीन युरोपीय चित्रकलेत प्रेमाने पेटलेले सराफीम लाल आणि ज्ञानाने भरलेले करूबीम निळे दाखवण्याचा संकेत होता, आणि फ्रेंच चित्रकार झाँ फूके याच्या पंधराव्या शतकाच्या मध्यातील येशूची आई मरिया हिच्या प्रसिद्ध चित्रात, जे आज अँटवर्पच्या संग्रहालयात आहे, तिच्या सिंहासनाभोवती अशाच लाल आणि निळ्या देवदूतांची दाटी आहे. तिसऱ्या श्रेणीला, म्हणजे राजासनांना (थ्रोन), यहेज्केल या संदेष्ट्याने पाहिलेल्या डोळ्यांनी भरलेल्या चाकांचे रूप दिले आहे, आणि तेही परंपरेला धरून आहे. एवढी काळजी घेणाऱ्या चित्रकाराचा गौरव करावा तेवढा थोडा.

म्हणूनच त्याच तक्त्याच्या चारही कोपऱ्यांत गुबगुबीत, पंख असलेली बाळे काढून त्यांच्याखाली ‘करूब’ असे छापलेले पाहून मला वाईट वाटले. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात एदेन बागेच्या पूर्वेला जीवनाच्या वृक्षाची वाट राखणारे करूब भीतिदायक पहारेकरी आहेत. निर्गम या पुस्तकात कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, झाकणावर सोन्याचे दोन करूब समोरासमोर पंख पसरून आहेत. शलमोनाच्या मंदिरातील करूब दहा हात उंच होते. यहेज्केलाच्या दर्शनातील करूबांना मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखे आहेत. गोंडस बाळे आली ती रोमन कामदेवाच्या आकृतीतून, आणि प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकारांनी त्यांना धार्मिक चित्रांत रूढ केले. ड्रेस्डेन येथील राफाएलच्या चित्रातील हनुवटीला हात लावून वर पाहणारी दोन बाळे आज शुभेच्छापत्रांवर सर्वत्र दिसतात. मात्र ती यहेज्केलाचे करूब नव्हेत. वरच्या पंक्तीत निळा, गंभीर करूबीम आणि कोपऱ्यात बाळ, दोघांनाही एकच नाव दिल्याने वाचनालयात येणारा शाळकरी मुलगा गोंधळतो, आणि असे दोनदा घडलेले मी पाहिले आहे.

‘सराफ’ या शब्दाविषयीही एक टीप आवश्यक होती. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हिब्रू शब्द जवळजवळ तसाच उतरला आहे आणि त्या मुळाचा अर्थ जळणे, पेटणे असा आहे. आमच्या खान्देशात मात्र सराफ म्हटले की जळगावच्या सराफ बाजारातील सोन्याची पेढी डोळ्यांपुढे येते, आणि तो शब्द अरबीतील नाणी पारखणाऱ्या व्यवसायावरून आला आहे. ध्वनी सारखा आहे, नाते काहीच नाही. मराठी वाचकासाठी मराठीत पुस्तिका काढायची, तर अशा ठिकाणी दोन ओळी खर्च करायलाच हव्यात.

शब्दांचा प्रश्न निघालाच आहे, तर संचातील सर्वांत गंभीर चूक येथेच सांगतो. पाचव्या श्रेणीला तक्त्यात ‘सद्गुण’ आणि सातव्या श्रेणीला ‘संस्थाने’ असे म्हटले आहे. हे इंग्रजी शब्दांचे शब्दकोशातून केलेले भाषांतर आहे, हे उघड दिसते. मूळ ग्रीक शब्द ‘दिनामेइस’ म्हणजे सामर्थ्ये. लॅटिनमध्ये त्यांना ‘विर्तुतेस’ म्हटले गेले, तेव्हा त्या शब्दातही बळ हाच अर्थ प्रमुख होता. इंग्रजीत तो शब्द पुढे नैतिक गुणाकडे वळला आणि आपला भाषांतरकार त्याच्यामागे गेला. सातव्या श्रेणीचा ग्रीक शब्द ‘आर्खाइ’ म्हणजे आरंभ, अग्रस्थान, अधिपत्य. त्याचा राजेरजवाड्यांच्या संस्थानांशी संबंध नाही. बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांची मराठी भाषांतरे उपलब्ध असताना अनुवादकाने ती समोर ठेवून काम केले असते, तर सत्ता, अधिकार, सामर्थ्य हे आपल्या भाषेत रुळलेले शब्द त्याला आयते मिळाले असते.

आता पुस्तिकेच्या मुख्य भागाकडे वळतो. नऊ श्रेणी कशा जुळल्या याचे तिच्यातील विवेचन उत्तम आहे आणि माझ्या नातीला सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला. पवित्र शास्त्रात नऊ श्रेणींची यादी कोठेही एकत्र नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल चार नावे घेतो आणि कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातही चार घेतो. त्यांपैकी तीन दोन्हीकडे समान आहेत, त्यामुळे एकूण पाच होतात. त्यांत सराफीम, करूबीम, आद्यदेवदूत आणि देवदूत मिळवले की नऊ भरतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीने आपल्या प्रवचनात हाच हिशेब श्रोत्यांपुढे मांडला होता. त्यापूर्वी, पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखकाने याच नऊ नावांची तीन-तीनांच्या तीन पंक्तींत मांडणी केली: सराफीम, करूबीम, राजासने, मग प्रभुत्वे, सामर्थ्ये, अधिकार, आणि शेवटी अधिपत्ये, आद्यदेवदूत, देवदूत. त्याने प्रेषितांच्या कृत्यांत उल्लेख असलेल्या अथेन्सच्या दिओनिसियसचे, म्हणजे पौलाच्या शिष्याचे, नाव धारण केले, आणि त्या नावाच्या वजनामुळे हजार वर्षे त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. 827 साली बायझंटाइन सम्राटाने त्याच्या लेखनाची प्रत फ्रँक राजा लुई याला भेट म्हणून पाठवली, नवव्या शतकात तिची लॅटिन भाषांतरे झाली आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने आपल्या महाग्रंथात ही मांडणी स्वीकारली. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने लेखकाच्या ओळखीविषयी शंका घेतली, आणि 1895 साली दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की या लेखनावर 485 साली मरण पावलेल्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाची छाप आहे. म्हणजे लेखक पौलाचा समकालीन असणे शक्यच नाही. हा सारा इतिहास पुस्तिकेने नेमकेपणाने दिला आहे.

एवढे देऊनही तक्त्यावर मात्र ‘स्वर्गातील देवदूतांची अधिकृत क्रमवारी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि हा विशेषणाचा अतिरेक मला मान्य नाही. खुद्द ग्रेगरीचा क्रम वेगळा आहे. त्याने अधिपत्यांना प्रभुत्वांच्या लगेच खाली ठेवले आणि सामर्थ्यांना आद्यदेवदूतांच्या लगेच वर आणले. दान्तेने आपल्या काव्याच्या स्वर्गखंडात अठ्ठाविसाव्या सर्गात दिओनिसियसचा पक्ष घेतला आणि ग्रेगरी स्वर्गात पोचल्यावर डोळे उघडताच स्वतःच्या चुकीवर हसला, असे म्हटले. कॅल्विनसारख्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने तर दिओनिसियसच्या या साऱ्या वर्णनाला फारसे मोल दिले नाही. मिल्टनही राजासने, प्रभुत्वे ही संबोधने गजराप्रमाणे वापरतो आणि क्रम मात्र पाळत नाही. माझ्या नातीचा गोंधळ मूळ तेथेच होता आणि या तक्त्यावर विसंबून तो वाढला असता.

यहुदी परंपरेला पुस्तिकेत एवढी थोडी जागा मिळाली आहे की शीर्षकातील ‘परंपरांतील’ हे अनेकवचन टिकत नाही. 1204 साली निवर्तलेल्या मायमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने आपल्या धर्मशास्त्राच्या आरंभीच देवदूतांच्या दहा श्रेणी दिल्या आहेत. त्यांत सर्वांत वर पवित्र जीवधारी, म्हणजे हाय्योत, आहेत, सराफीम पाचवे आहेत आणि करूबीम नववे. ख्रिस्ती उतरंडीत दुसरा असलेला करूब येथे शेवटून दुसरा आहे. ही एक गोष्ट तक्त्याच्या बाजूला छोट्या चौकटीत दिली असती, तरी वाचकाला कळले असते की ही क्रमवारी माणसांनी श्रद्धेने आणि विचाराने लावलेली आहे.

उतरंडीचे स्वरूप समजावताना पुस्तिकेने सरकारी कचेरीचा दृष्टान्त घेतला आहे: वर मंत्रालय, मध्ये जिल्हाधिकारी, खाली तलाठी. समजायला तो सोपा आहे, परंतु दिओनिसियसच्या मनातील गोष्ट त्याने हरवते. त्याच्या मते वरची श्रेणी खालच्या श्रेणीवर हुकूम सोडण्यासाठी नाही. तिला जो प्रकाश मिळतो तो तिने खाली पोचवायचा असतो, आणि प्रत्येक श्रेणी आपल्या कुवतीप्रमाणे तो ग्रहण करून पुढे देते. शुद्धी, प्रकाश आणि पूर्णता हे तीन व्यापार तो सांगतो आणि तिन्ही देण्याघेण्याचे आहेत. आमच्या धुळे जिल्ह्यातील वाचकाला यासाठी पांझरेच्या काठची फड पद्धत अधिक जवळची आहे. बंधाऱ्यावर अडवलेले पाणी पाटात येते, पाटातून चाऱ्यांत आणि चारीतून फडातील वाफ्यात. पाटकरी ते पाळीप्रमाणे फिरवतो. पाणी सगळीकडे एकच असते, आणि पाटाने ते स्वतःजवळ ठेवायचे म्हटले तर पाट म्हणून त्याला काही अर्थ उरत नाही.

हा दृष्टान्त मला सुचला तो एका अवघड प्रश्नामुळे. यशयाचे ओठ शुद्ध करण्यासाठी त्यांना निखारा लावायला सराफ स्वतः आला, असे शास्त्रवचन आहे. सर्वांत वरची श्रेणी माणसाजवळ थेट येत नसेल, तर हे कसे घडले? दिओनिसियसने यासाठी आपल्या ग्रंथाचा तेरावा अध्याय खर्ची घातला आणि एक उत्तर असे दिले की संदेष्ट्याजवळ आलेला देवदूत खालच्या श्रेणीतील होता, मात्र त्याने शुद्धीचे श्रेय जेथून ती शक्ती आली त्या सराफांना दिले. शेतकरीही चारीचे पाणी पिकाला देऊन ‘पांझरेचे पाणी’ असेच म्हणतो. पुस्तिकेत या अध्यायाचा उल्लेखही नाही, आणि श्रेणींच्या कल्पनेची खरी कसोटी तेथेच लागते.

दोन गोष्टी अजून नोंदवायला हव्यात. आद्यदेवदूत राफाएल ‘बायबलमध्ये आहे’ असे पुस्तिका सरळ म्हणते. तो तोबीतच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स शास्त्रात आहे, प्रोटेस्टंट शास्त्रात नाही. नवापूर-नंदुरबारकडे ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. तिकडून आमच्या वाचनालयात आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या घरचे मराठी पवित्र शास्त्र चाळून राफाएल सापडत नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांना मीच खुलासा केला; तो छापील पुस्तिकेने करायला हवा होता. मीखाएल आणि गब्रीएल यांची नावे मात्र सर्व शास्त्रांत आहेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शेवटच्या चार पानांत बारा राशींना बारा आद्यदेवदूत वाटून दिले आहेत आणि कोणत्या अडचणीत कोणाला हाक मारावी हेही सांगितले आहे. ज्या परंपरांचे नाव संचाला दिले आहे, त्यांच्या मुख्य प्रवाहाने अशा गोष्टींना विरोधच केला आहे. 745 साली रोम येथे भरलेल्या धर्मसभेने अनोळखी नावांच्या देवदूतांना आवाहन करणाऱ्या प्रार्थनेचा निषेध केला, आणि 2001 साली व्हॅटिकनने लोकभक्तीविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेतही मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल वगळता देवदूतांना नावे देण्याची प्रथा अयोग्य ठरवली आहे. कोणी आपल्या श्रद्धेने राशी पाहत असेल, तर तो त्याचा प्रश्न आहे. परंतु ही माहिती जुन्या धर्मपरंपरेच्या नावाखाली विद्यार्थ्याच्या हाती देणे चुकीचे आहे. ही चार पाने काढून तेथे मायमोनिदीसच्या दहा श्रेणी छापाव्यात, असे मी प्रकाशकांना लिहिले आहे.

कागद जाड आहे आणि छपाई स्वच्छ आहे. लॅमिनेशन मात्र आमच्याकडच्या वैशाखात टिकले नाही. खिडकीजवळच्या भिंतीवर तक्त्याला फुगे आले, म्हणून तो सावलीतील भिंतीवर लावावा. इंग्रजी साहित्याच्या किंवा युरोपच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा संच जरूर घ्यावा, कारण या विषयावर मराठीत इतके सचित्र साहित्य मला दुसरे आढळले नाही. मी ‘सद्गुण’वर ‘सामर्थ्ये’, ‘संस्थाने’वर ‘अधिपत्ये’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, कोपऱ्यांतील चारही बाळांखालचे नाव पांढऱ्या कागदाने झाकले आहे आणि ‘अधिकृत क्रमवारी’ऐवजी नातीच्या अक्षरात ‘दिओनिसियसची क्रमवारी’ असे लिहून घेतले आहे. आता तक्ता वाचनालयात पुन्हा लावला आहे.